तारीख कोण वाचतं, काका?

थांबा, जे काय करताय ते बाजूला ठेवा, कारण हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. मी तासाभरापूर्वी मुरलीपुऱ्यातून आलेय, हेल्मेट अजून डायनिंग टेबलावर आहे, आई त्यावरून ओरडतेय, आणि मी टाइप करतेय. उद्यावर टाकलं तर मी सगळं गोड करून लिहीन. आणि ह्या माणसाबद्दल गोड लिहिणं म्हणजे अन्याय आहे, माझ्यावर! चार वर्षं डोकं खाल्लंय त्यांनी माझं.

नाव नाही सांगणार. आमच्या जयपूरच्या मराठी मंडळात सगळे त्यांना काकाच म्हणतात. फौजेतून रिटायर झालेले, तिथे वर्कशॉपचं स्टोअर सांभाळायचे. मूळचे साताऱ्याकडचे, शेवटची पोस्टिंग इथली, मग इथेच राहिले, मुरलीपुऱ्यात वरचा मजला भाड्याने घेऊन. मंडळात त्यांच्याकडे एकच काम होतं: माहिती. मतलब, बदली होऊन जी नवीन मराठी कुटुंबं येतात, फौजेतली, बँकेतली, विम्यातली, त्यांना जे जे लागतं ते. मराठी कळणारा डॉक्टर कुठे, पूजेला गुरुजी कोण, गोडा मसाला कुठल्या दुकानात मिळतो, गॅसचं कनेक्शन कसं बदलायचं. हे सगळं आधी काकांच्या रजिस्टरात होतं. मग मंडळाने वेबसाइट काढायचं ठरवलं, आणि बाबा कमिटीच्या मीटिंगमध्ये बोलून गेले, "आमची मुलगी करेल की!" मी तेव्हा कॉलेजात होते. नाही म्हणायला जागाच ठेवली नाही.

पहिल्यांदा साइट दाखवायला गेले तेव्हा मी काय काय केलं होतं माहितीये? वर हवामहलाचा फोटो, त्यावरून हळूच सरकत येणारं तोरण, बटणांवर बोट नेलं की रंग बदलायचा. काकांनी चष्मा लावला, ते सगळं सर्रकन वर ढकललं, पानाच्या तळाशी गेले आणि म्हणाले,

"तारीख कुठाय?"

"कसली तारीख?"

"हे शेवटचं कधी बदललं त्याची. तारखेशिवायची माहिती म्हणजे अफवा."

मी म्हटलं, "काका, तारीख कोण वाचतं?"

हे वाक्य लक्षात ठेवा. चार वर्षांत मी हे त्यांना निदान शंभर वेळा म्हटलंय.

त्यांच्या घरी गेलात तर तुम्हाला कळेल मी काय सोसलंय. प्रत्येक वस्तूवर काळ्या मार्करने तारीख! लोणच्याच्या बरणीवर ठीक आहे, पण बल्बवर? नळावर? टूथब्रशच्या दांडीवर, पायपुसण्याच्या मागे, कुलपाला तेल कधी घातलं ती कुलपावर. एकदा मी काकूंना विचारलं, तुम्हाला राग नाही येत? तर त्या म्हणाल्या, "माझ्यावर तेवढी घातली नाही अजून." आतून काकांचा आवाज आला, "लग्नपत्रिकेवर आहे की!"

बरं, मी तळाशी तारीख घातली. संपलं असं मला वाटलं. पण मग हळदीकुंकवाचं प्रकरण झालं. मालवीय नगरच्या एक काकू, त्यांनी फोनला विचारलं, मंडळाचं हळदीकुंकू कधी आहे? फोनने सांगितलं, ह्या शनिवारी. काकू वाणाच्या डब्या घेऊन, पैठणी नेसून हॉलवर गेल्या, तर हॉलला कुलूप. फोनने आमचं मागच्या वर्षीचं पान वाचून दाखवलं होतं! त्या काकूंनी काकांना झापलं, आणि काकांनी मला बोलावलं.

"फोनला कोण बोललं ह्या शनिवारी म्हणून?"

"त्याने आपलं पान वाचलं. आपण पानावर 'ह्या शनिवारी' लिहिलं होतं."

"आणि खाली तारीख होती ती?"

इथे मी चुकले. इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला सांगायची हौस ना! मी म्हटलं, "ती माणसांना दिसते काका. मशीनला ती नुसती अक्षरं-आकडे वाटते. मशीनसाठी कोडमध्ये तीच तारीख वेगळी लिहावी लागते, टाइम नावाच्या टॅगमध्ये, ठरलेल्या पद्धतीने."

काकांचे डोळे असे चमकले की मला तिथेच पळून जावंसं वाटलं.

"म्हणजे मशीन वाचतं तारीख?"

"नीट लिहिली तर."

"मग नीट लिही."

पुढचे तीन आठवडे! आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे आडव्या रेघा, हे त्यांना इतकं आवडलं की घरातल्या बरण्यासुद्धा त्यांनी तशा करून टाकल्या. "पाच-सहा लिहिलं की कोण म्हणतं मे, कोण म्हणतं जून. हे बरंय. मोठा पुढं, लहान मागं. परेडला उभं केल्यासारखं." मग वेळ. मग मीच बोलून गेले की वेळेपुढे अधिक साडेपाच तास असं पण लिहितात, म्हणजे भारताची वेळ हे मशीनला कळतं. झालं! तेव्हापासून प्रत्येक पान झालं की फोन: "साडेपाच लिहिलंस काय? मशीनला जयपूर कुठं म्हाईत असतंय!"

पण हे काहीच नाही. खरा त्रास वेगळा होता. त्यांचा नियम होता की तारीख तेव्हाच बदलायची जेव्हा माणूस तिथे स्वतः जाऊन आलाय. मी एकदा मसाल्याच्या दुकानाच्या पानावर एक वेलांटी दुरुस्त केली, सिस्टीमने आपोआप तारीख पुढे ढकलली. संध्याकाळी फोन.

"दुकानात गेलीवतीस काय?"

"नाही काका, फक्त वेलांटी चुकली होती ती..."

"आणि दुकान बंद झालं असलं तर? वेलांटी दार उघडून देणार हाय?"

म्हणून मग ती स्कूटर. महिन्यातून एक रविवार, काका पुढे, मी मागे, मांडीवर रजिस्टर. मे महिन्यात! सीकर रोडवर ती झळ अशी तोंडावर येते की डोळे उघडत नाहीत, आणि आम्ही गुरुजींच्या दारात उभे, गुरुजी बनियनवर बाहेर आलेत, काका विचारतायत, "आपण आहात ना?" गुरुजी म्हणाले, "दिसतोय की!" काकांनी घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली. मी किती वेळा म्हटलं, फोन करा ना, फोन कशासाठी आहे? तर म्हणायचे, "फोनवर सगळेच चालू असतात. दारात उभं राहिल्यावर कळतं."

अशाच एका रविवारी, उसाच्या रसाच्या गाड्यावर, त्यांनी ती आग विझवायच्या नळकांड्याची गोष्ट सांगितली. स्टोअरमध्ये लाल नळकांडी टांगलेली असतात, प्रत्येकाला एक कार्ड, दर महिन्याला तपासायचं आणि तारीख घालून सही करायची. एकदा खरंच आग लागली, एक जवान नळकांडं घेऊन धावला, दाबलं, तर फुस्स. कार्डावर सही होती, त्याच महिन्यातली. आत काहीच नव्हतं. त्या जवानाचा हात भाजला, कोपरापर्यंत. मी "अरे बाप रे" म्हटलं आणि रसात लिंबू कमी आहे म्हणून भैयाला हाक मारली. खोटं कशाला सांगू, मी ती गोष्ट अर्धीच ऐकली.

आता मुख्य गोष्ट. ही मी कुणालाच सांगितलेली नाही.

मागच्या उन्हाळ्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे साताऱ्याला गेले. जाताना मला पाच ठिकाणांची यादी दिली, तपासून ये म्हणून. त्यात मुरलीपुऱ्यातले एक लहान मुलांचे डॉक्टर होते, मराठी, त्यांचं पान अकरा महिने तपासलेलं नव्हतं. पारा चव्वेचाळीसला. मी गेले नाही. पाचांपैकी एकाही ठिकाणी नाही. आणि त्याच आठवड्यात मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला, "अगं, आपल्या पानांवर अकरा-अकरा महिन्यांपूर्वीच्या तारखा, शोभतं का? दुसऱ्यांच्या साइट बघ कशा ताज्या दिसतात."

मी एक ओळ लिहिली. एकच ओळ. साइट उघडली की प्रत्येक पानावर आपोआप आजची तारीख यायची, खाली माणसांसाठी पण आणि कोडमध्ये मशीनसाठी पण. उद्या उघडलं की उद्याची. साडेपाचसकट! मला इतकं हुशार वाटलं ना स्वतःला. आता स्कूटर नाही, ऊन नाही, काही नाही. साताऱ्याहून काकांचा फोन आला, डोळ्यावर पट्टी होती तेव्हा त्यांच्या.

"जाऊन आलीस काय?"

"हो काका."

"पाची?"

"पाची."

"शाब्बास."

काका परत आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी मला फोन. नुसतं "ये" म्हणाले. मी गेले. डोळ्यांवर तो काळा मोठा चष्मा, हातात औषधाचा थेंब टाकायची बाटली. म्हणाले, एका बाईचा फोन आला होता. लातूरकडची, नवरा फौजेत, येऊन दोन आठवडे पण नाही झाले, नवरा सरावाला बाहेरगावी. तिच्या दीड वर्षाच्या मुलाला ताप चढला म्हणून ती रिक्षा करून आपल्या पानावरच्या डॉक्टरांकडे गेली. तिथे दवाखानाच नाही. मोबाइलच्या कव्हरचं दुकान. भर दुपारी, तापलेलं पोर खांद्यावर. मूल डोळे फिरवायला लागलं तेव्हा त्या दुकानदारानेच शटर ओढलं आणि गाडीवर बसवून तिला दुसऱ्या हॉस्पिटलात नेलं. आता मूल बरं आहे.

काका म्हणाले, "मला अजून बारीक दिसत नाही. लॅपटॉप उघड. त्या पानाच्या कोडातली तारीख वाच."

मी वाचली. आजची.

"गुरुजींचं पान."

आजची.

"मसाल्याचं."

आजची.

"गॅसचं."

"आजची, काका."

सदतीस पानं आहेत आमची. त्यांनी सगळी वाचायला लावली. मधे एकदाच म्हणाले, "सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी?" काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या, मग त्या आत निघून गेल्या. मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मी पण काहीतरी बोलले असते, अध्यक्षांचं नाव घेतलं असतं. ते नुसतं म्हणत राहिले, "पुढचं वाच."

सदतिसावं झाल्यावर उठले. "चल. गाडी तू चालव, मला मनाई आहे."

त्या बाईच्या क्वार्टरवर गेलो. माझ्यापेक्षा एखादं वर्ष मोठी असेल. मुलगा फरशीवर वाटी आपटत बसला होता, एकदम टुणटुणीत, फक्त हातावर सुईची पट्टी. तिने चहा टाकला. रागावलेली नव्हतीच ती, उलट काकांचे आभार मानत होती, पुन्हा फोन करून चौकशी केलीत म्हणून. मला म्हणाली, "फोनमध्ये तीन डॉक्टर आले होते ताई. दोघांपुढं तारीखच नव्हती. तुमच्यापुढं आजची होती. मी तारीख बघूनच गेले ना."

काका माझ्याकडे बघत नव्हते. चहाकडे बघत होते. मला कळलं की ते बोलणारच नाहीत, संध्याकाळ झाली तरी.

मी म्हटलं, "ती तारीख खोटी होती. मी घातली होती."

"म्हणजे तुम्ही तिथं गेलाच नव्हता?"

"नाही."

तिने मुलाला उचललं आणि कडेवर घेतलं. मग म्हणाली, "चहा गार होतोय." मी तो चहा प्यायले. इतका कठीण चहा मी आयुष्यात प्यायले नाही.

परत येताना सिग्नलला थांबलो. मागून काका म्हणाले, "त्या नळकांड्याच्या कार्डावरची सही माझी होती." मला क्षणभर कळेचना कसलं नळकांडं. मग कळलं. मी मागे वळायला लागले तर म्हणाले, "पुढं बघ. सिग्नल सुटला."

त्या रात्री मी ती ओळ काढून टाकली आणि रजिस्टर समोर ठेवून सदतीस तारखा परत हाताने घातल्या, त्यांच्या अक्षरातल्या, जुन्या, न शोभणाऱ्या. दुसऱ्या दिवशी मोबाइल कव्हरच्या दुकानासमोर उभी राहिले. दुकानदार म्हणाला, "बाईसा, डॉक्टर साब तो कब के गए." मी पानावर लिहिलं, दवाखाना बंद, आणि तारीख घातली. अध्यक्षांना काकांनी काय सांगितलं मला माहीत नाही. पण परत कधी त्यांचा मला ताजं दिसण्याबद्दल फोन आला नाही.

तुम्हाला वाटेल ह्यानंतर मला काकांचा त्रास वाटेनासा झाला असेल. अजिबात नाही! उलट वाढला. कारण आता नाही म्हणायचं तोंड नव्हतं ना मला.

आणि मग मागच्या महिन्यात काका-काकू साताऱ्याला मुलाकडे राहायला गेले. कायमचे. सामान बांधताना खोक्यांवरसुद्धा तारखा. रजिस्टर माझ्याकडे दिलं. आणि तिथे पोचल्यापासून रोज फोन: "संपर्काचं पान बदललंस काय?" त्या पानावर त्यांचं नाव, मुरलीपुऱ्याचा पत्ता, त्यांचा नंबर. मी रोज काहीतरी सांगून टाळत होते. सर्व्हर डाऊन आहे, परीक्षा आहे. परीक्षा कसली, कॉलेज संपून दोन वर्षं झाली! शेवटी काल म्हणाले,

"एखादी नवी पोरगी त्या दारात जाऊन उभी राहिली तर?"

मी म्हटलं, "बदलते. तुम्ही गेलात हे मला माहितीये, त्यात तपासायचं काय आहे?"

तिकडून फक्त एवढंच: "जाऊन आलीस काय?"

म्हणून आज गेले. मी! चिडून, बडबडत, एकटी, स्कूटीवर, मुरलीपुऱ्याला, जे घर रिकामं केलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय ते त्यांचं आहे का नाही हे तपासायला! जिना चढले. दार उघडलं एका भाभींनी. "वो अंकलजी? वो तो चले गए." मग हसायला लागल्या. "हर चीज पे तारीख लिख के गए हैं. नल पे भी, टंकी पे भी." दारावरच्या बल्बवर काळ्या मार्करने वर्ष, महिना, दिवस. मोठा पुढे, लहान मागे. दुपारीसुद्धा चालू होता तो. मी जिन्यात बसून काकूंना फोन केला, आणि काय बोलले ते सांगणार नाही.

घरी आले, पान उघडलं, त्यांचं नाव काढलं, माझं घातलं. तारीख घातली, वेळ घातली, साडेपाच घातलं. पाच मिनिटांत फोन वाजला.

"वेळ चुकलीय."

"काका!"

"तू चार चाळीस लिहिलंयस. हिला फोन केलावतास तिथनं, तेव्हा चारला दहा कमी होते. बघितलंस तेव्हाची वेळ घाल. टाइप केलंस तेव्हाची नको."

बदलली. तीन पन्नास. मग विचारलं, आता?

"आता ठीक," म्हणाले. आणि फोन ठेवेनात. मी पण ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे आता मशीनला कळलं, आम्ही तिथं नाही."

"हो काका. कळलं."

तुमच्याकडे आहे का असं कुणी, ज्याने तुम्हाला असंच छळ छळ छळलंय आणि मग एक दिवस त्याचं नाव काढून तिथे तुमचं लिहायला लावलंय? असेल तर सांगा मला, खरंच सांगा. पण कधी झालं ते नीट लिहा, प्लीज. 'मागे एकदा' चालणार नाही.